मिरवेलीचा संशय

दूधवाला निघून गेल्यावर पातेल्यात बोट बुडवून ते उजेडात धरणारी माणसं पुष्कळ असतात. नाकोबा त्यांच्या एक पाऊल पुढे होता. तो दूधवाल्यासमोरच बोट बुडवायचा आणि बोटाकडे न बघता दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायचा. दुधात पाणी असेल तर माणूस नजर चुकवतो, असं त्याचं शास्त्र होतं. दूधवाला रोजच नजर चुकवायचा, पण ती कंटाळून.

नाकोबा हे नाव त्याला कारखान्यात पडलं. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट शेड. तिथे सर्दी-खोकल्यात छातीला चोळायचं मलम तयार व्हायचं, आणि त्यात घालायचं तेल नागवेलीच्या, म्हणजे आपल्या खायच्या पानांतून काढलं जायचं. शेडच्या मधोमध तांब्याची भट्टी होती. खाली जाळ, वर पानं. पानांतून निघालेली वाफ वेटोळ्याच्या नळीतून गार पाण्याच्या टाकीत फिरायची आणि पलीकडच्या तोंडातून पाणी होऊन टपकायची. त्या पाण्यासोबत थेंबाथेंबानं पिवळसर तेल यायचं. सगळा कारखाना त्या थेंबांवर चालायचा.

आणि ते थेंब कसे येणार, हे ठरायचं दाराजवळच्या स्टुलावर. तिथे नाकोबा बसायचा. पानांची प्रत्येक करंडी आधी त्याच्या पायाशी थांबायची. तो वरच्या पानांना हातही लावत नसे, कारण वरची पानं दाखवण्यासाठीच ठेवलेली असतात. ओल्या गोणपाटाखाली कोपरापर्यंत हात घालून तो करंडीच्या पोटातलं एक पान ओढायचा, दुमडायचा, देठाजवळची शीर कट्कन मोडायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मग पुढच्या दातांनी एक कण तोडून जिभेवर ठेवायचा. त्यानंतर दोनच निकाल असत. "घ्या", नाहीतर "न्या परत". का, ते तो सांगत नसे. कारण सांगितलं की समोरचा त्यावर तोड काढतो, असंही त्याचं एक शास्त्र होतं.

तरुणपणी तो इथे करंड्या वाहायला लागला होता. एकदा खांद्यावरची करंडी खाली न ठेवताच तो थोरल्या मालकांना म्हणाला, "यात मधे सडलंय." करंडी उपसली तर वरखाली हिरवीगार पानं, आणि मधे मुठीएवढा काळा, बुळबुळीत गोळा. मालकांनी त्याच दिवशी त्याला स्टूल दिलं. माणूस आधीच शंकेखोर, त्यात शंका घेणं हेच काम मिळालं. मग काय विचारता. थोरले मालक गेले, त्यांची मुलगी रसायनशास्त्र शिकून आली आणि कारभार पाहू लागली, तिला सगळे धाकट्या बाई म्हणू लागले. स्टूल मात्र हललं नाही.

पानावर त्याची श्रद्धा होती. माणसांवर नसलेली सगळी त्यानं पानावर ठेवली होती म्हणा ना. लहानपणी मांडीला गळू झालं तेव्हा आईनं एरंडेल लावून कोमट केलेलं पान त्यावर बांधलं होतं, आणि गळू पिकून फुटेपर्यंत ती पानं बदलत राहिली होती. खोकल्याला पानाचा रस मधातून. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की पान तव्यावर गरम करून पोटावर हलका शेक. छाती भरली की तेल लावलेलं पान छातीवर. धाकट्या बाई म्हणायच्या, "काका, शेकानं आराम पडतो एवढंच आपण डबीवर छापायचं. बरं होतं असं नाही." नाकोबा मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, शिकली, पण हिच्या मांडीला गळू कुठे झालं होतं.

त्याच्या घरी पानाचं काम एकच होतं. त्याच्या बायकोला अर्धशिशी होती. एक बाजू ठणकायला लागली की ती खिडक्या लावून आडवी व्हायची. संध्याकाळी तो ओल्या रुमालात दोन पानं घेऊन यायचा. करंडीतली सर्वांत चांगली दोन. तव्यावर तेलाचा हात फिरवून ती नरम करायचा आणि तिच्या कपाळाच्या दुखऱ्या बाजूला ठेवून पट्टी बांधायचा. दुखणं जायचंच असं नाही. पण ती म्हणायची, "हं. आता बरं वाटतंय," आणि डोळे मिटायची. या एका वाक्यावर नाकोबानं जन्मात कधी शंका घेतली नव्हती.

मग त्याला सर्दी झाली. साधी सर्दी, पण अशी चिकट की पानाचा रस घेऊन, छाती शेकून तो अंथरुणाला खिळला. उतरली तेव्हा तो अंघोळ करून, केस विंचरून स्टुलावर जाऊन बसला. पहिली करंडी आली. त्यानं पान ओढलं, शीर मोडली, डोळे मिटले.

काहीच नाही.

त्यानं दुसरं पान घेतलं. तिसरं घेतलं. जिभेवर ठेवलं तर झोंबलं, नेहमीसारखंच. पण वास नव्हता. लवंगेसारखा तो दरवळ, जो शीर मोडताच नाकात चढायचा आणि डोळ्यांत पाणी आणायचा, तो कुठल्या कुठे गेला होता. करंडी कुणाची, ते त्यानं पाहिलं. त्याच्या मेव्हण्याची होती. बायकोच्या धाकट्या भावाचा पानमळा होता आणि कारखान्याचा निम्म्याहून जास्त माल तिथूनच यायचा.

नाकोबाच्या मनात पाल चुकचुकली.

जिभेला झोंबतं पण वास नाही, असं पान कुठलं? तो दिवसभर डोकं खाजवत बसला आणि संध्याकाळी उत्तर सापडलं, तसा ताठ झाला. मिरवेल. काळ्या मिरीची वेल. मिरवेल आणि नागवेल एका कुळातल्या. पानाचा आकार तोच, शिरा त्याच. मिरवेलीचं जून पान जाड आणि काळपट असतं, ते आंधळ्यालाही कळेल. पण कोवळी कोवळी पानं निवडून नागवेलीच्या पानांत मिसळली तर भलाभला फसेल. वास तेवढा मार खातो. आणि वास घेणारा माणूस तर सर्दीनं घरी पडलेला. काय अचूक वेळ साधलीय, त्याला वाटलं. मेव्हण्याबद्दल क्षणभर कौतुकही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भट्टीवाल्या अक्काला गाठलं. अक्का भट्टीचं सगळं बघायची. पानं भरणं, जाळ सांभाळणं, राख काढणं.

"अक्का, हे पान बघ."

"बघितलं."

"वास घे."

अक्कानं पदराला हात पुसून वास घेतला. "आहे की."

"काय आहे?"

"वास."

"कसला?"

"पानाचा. आणखी कसला असणार, चमेलीचा?"

अक्कानं उत्तर जरा जास्तच पटकन दिलं होतं. मागल्या खेपेला मेव्हण्यानं मळ्यातल्या शेवग्याच्या शेंगांची जुडी अक्काला दिलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. शेंगांवर विकली गेली, त्यानं मनात नोंद केली. मग तो धाकट्या बाईंच्या टेबलाकडे गेला. बाईंनी काचेचं उभं मोजपात्र उजेडात धरलं. "तेल तर नेहमीइतकंच उतरतंय, काका."

"मिरवेलीच्या पानालाही तेल असतं."

"असतं. पण वास वेगळा येईल ना तेलाला? हे बघा." त्यांनी मोजपात्र त्याच्या नाकासमोर धरलं.

नाकोबानं वास घेतला. "बघा," तो म्हणाला. "आहे का काही?"

बाईंनी स्वतः हुंगून पाहिलं आणि त्या गोंधळल्या. त्यांना येत होता. पण समोर नाकोबा उभा होता, ज्याच्या नाकावर बाबांनी डोळे झाकून विश्वास ठेवला होता. "मला तेवढं बारीक कळत नाही," त्या पुटपुटल्या.

घरी तर वेगळंच चालू होतं. त्या संध्याकाळी तो हात हलवत आला.

"आज पानं नाही आणलीत?" बायकोनं विचारलं. तिची डावी बाजू सकाळपासून ठणकत होती.

"नाही."

"का?"

"तुझ्या भावाला विचार."

"त्याचं काय?"

"मिरवेल कालवतोय करंडीत. ती पानं मी तुझ्या डोक्याला बांधू?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "कोण म्हणालं?"

"माझं नाक म्हणालं."

ती कपाळ धरून उठली. मग जेवायला वाढलं. नाकोबानं भाजी खाल्ली, दुसऱ्यांदा मागितली. ती हातात डाव धरून त्याच्याकडे बघतच होती.

"भाजीला कसला वास येतोय का हो?"

नाकोबाचा घास हातातच राहिला. "का? काय घातलंयस त्यात?"

"काही नाही. खा."

दुसऱ्या दिवशी ती फरशी पुसताना फिनाईलची बाटली उघडी ठेवून त्याच्या शेजारी बराच वेळ उभी राहिली. नाकोबा पेपर वाचत होता, पण कागदावरून त्याचं लक्ष तिच्याकडे होतं. ही अशी टक लावून का बघते? भावानं हिला काही पढवलंय. कुठेतरी पाणी मुरतंय. आता घरातही जपून बोलायला हवं.

त्यानंतर त्यानं मेव्हण्याच्या करंड्या एकामागून एक परत पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्या मळ्यांच्याही पाठवल्या, पण एखादी घ्यायचा. सगळंच नाकारलं तर भट्टी थंड पडेल एवढं त्याला कळत होतं. कुठली घ्यायची ते तो पानाचा रंग बघून, आणि खरं सांगायचं तर आणणाऱ्याचं तोंड बघून ठरवायचा. बायकोच्या डोक्याला पानं बांधणं थांबलं. ती नुसतीच कपाळाला पट्टी आवळून पडून राहायची, आणि नाकोबा तव्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा.

शेवटी मेव्हणा स्वतः करंडीबरोबर आला. धाकट्या बाईंसमोर दोघं उभे राहिले.

"दाजी, माझ्या मालात काय खोट आहे ते एकदा तोंडानं सांगा."

"तुला माहीत आहे."

"मला माहीत असतं तर विचारलं असतं का? तोडलेलं पान थांबत नाही हो. तुम्ही परत पाठवता ते रस्त्यातच पिवळं पडतं. न तोडावं तर वेलीवर जून होतं. मी करू काय?"

"मिरवेल उपटून टाक."

मेव्हणा हसला. नाकोबाला ते हसू अजिबात आवडलं नाही. बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग त्यांनी निर्णय दिला, पण आवाजात जोर नव्हता. "काका म्हणतात म्हणजे काहीतरी असेल. तुमचा माल तूर्त थांबवते. पण काका, मला पुरावा आणून द्या. पान दाखवा. नुसत्या शब्दावर मी यांचा मळा बुडवणार नाही."

"आणतो," नाकोबा म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो निघाला. मळ्याच्या थांब्यावर उतरला असता तर कुणीतरी बघितलं असतं, म्हणून तो एक थांबा आधी उतरला आणि बांधाबांधानं चालत मागच्या कुंपणापाशी आला. फाटक पलीकडे होतं, त्यानं तारेखालून अंग आत घातलं. सदरा पाठीवर फाटला.

आत सावली होती. शेवरीची उंच, सडपातळ झाडं रांगेनं उभी, आणि प्रत्येक झाडाला केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधलेली नागवेल वर चढत गेलेली. पानं एकावर एक, ओली, चकचकीत. नाकोबा एकेका रांगेतून वाकून, वेलीच्या बुडख्यापासून शेंड्यापर्यंत बघत फिरला. पहिल्या रांगेत काही नाही. दुसरीत काही नाही. विहिरीपाशी फणसाचं जुनं झाड होतं, आणि त्या झाडाला विळखा घालून वर गेलेली वेल दिसली तसा तो जागीच थांबला.

मिरवेल. कोवळ्या मिरीच्या घोसांसकट. आणि हात पोचेल एवढ्या उंचीपर्यंतची पानं तोडलेली.

नाकोबाला कोण आनंद झाला. त्यानं चार पानं तोडली आणि डाव्या खिशात नीट सरळ ठेवली. आता नागवेलीची. बाईंच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी मांडायची, शिरा मोडायच्या आणि म्हणायचं, घ्या वास. रांगेतली सर्वांत तजेलदार वेल त्यानं निवडली, छातीच्या उंचीवरचं एक पान नखानं खुडलं. सवयीनं दुमडलं. शीर मोडली. डोळे मिटले.

काहीच नाही.

त्यानं डोळे उघडून पानाकडे पाहिलं. पलीकडच्या रांगेत जाऊन दुसरं खुडलं. मग तिसऱ्या रांगेतलं. चुरगाळून तळहात नाकावर दाबला. जिभेवर ठेवलं, झोंबलं.

तो विहिरीकडे जाऊन एका पिंपाशेजारच्या दगडावर बसला. मळ्यापासून कारखान्यापर्यंत पानाला जितके हात लागतात, त्या सगळ्यांचा संशय त्याचा घेऊन झाला होता; तोडणारे, भरणारे, गाडीवाला, अक्का. पण हे पान त्यानं स्वतः वेलीवरून खुडलं होतं. त्याला दुसरा हातच लागला नव्हता. मग त्यानं मातीचा संशय घेतला. मग विहिरीच्या पाण्याचा. मेव्हण्यानं वेलींवर काही फवारलं असेल का, याचाही घेतला.

"दाजी?"

मेव्हणा रांगेच्या टोकाला उभा होता. त्यानं खांद्यावरचा पंचा नाकातोंडाला गुंडाळला होता.

"इथे काय करताय?"

"बसलोय."

"तिथे?" मेव्हणा जवळ आला नाही. "तिथे कसं बसवतं तुम्हाला?"

"का?"

"पेंड कुजत घातलीय पिंपात. वेलींना घालायला. आमचे गडी वळसा घालून जातात, आणि आई तर या बाजूची खिडकी उघडत नाही. आणि तुम्ही मांडी घालून बसलाय."

नाकोबा उठला आणि पिंपात डोकावला. वर करडा फेस होता, फेसावर माशा घोंघावत होत्या. त्यानं कडेला दोन्ही हात टेकले, वाकला, आणि आयुष्यभर करंड्यांवर घेतला होता तसा छाती भरून श्वास घेतला. गार हवा आत गेली. नुसती हवा.

तो तसाच वाकलेला राहिला. संशयाला आता जायला जागा उरली नव्हती. फिरून फिरून तो घरी आला होता.

मेव्हण्यानं पंचा खाली घेतला. त्याचा राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला. "चोरासारखं तारेतून यायची काय गरज होती? फाटक उघडं होतं." मग त्याची नजर नाकोबाच्या डाव्या खिशाकडे गेली. खिशातून देठ डोकावत होते. "ती मिरवेलीची आहेत."

"माहीत आहे."

"फणसावरची. आईला मिरी लागते म्हणून लावलीय. घोस काढताना पानं तुटतात. बाईंना दाखवणार?"

नाकोबानं देठ आत दाबले.

"दाखवा. मी सांगायला गेलो की यांचं नाक गेलंय, तर बाई म्हणतील माल खपवायला थापा मारतोय. ताईनं सांगितलं तर तुम्ही म्हणाल भावाची बाजू घेते. म्हणून ती गप्प बसलीय, नाहीतर तिला केव्हाच कळलंय. आता राहता राहिलात तुम्ही. बघा काय करायचं ते."

बसमध्ये नाकोबाच्या डाव्या खिशात मिरवेलीची पानं होती आणि उजव्या खिशात ओल्या रुमालात नागवेलीची. नुसता डावा खिसा बाईंपुढे रिकामा केला की काम भागणार होतं. मेव्हण्याचा माल कायमचा बंद, आणि स्टूल शाबूत. दुसऱ्या मळ्यांचा माल रंगावर, देठावर, जिभेवर पारखता येईल. कोण विचारणार आहे? पारख्याला कुणी पारखत नाही. सबंध रस्ता तो हाच विचार करत होता आणि विचार करताना मधेच हात नाकाकडे जात होता, दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तसा.

बाई कारखान्यातच होत्या. सुट्टी असली तरी अक्का भट्टीतली राख काढत होती. बाईंनी मान वर केली. "सापडली?"

"सापडली." नाकोबानं डाव्या खिशातली पानं टेबलावर ठेवली.

बाईंनी एक पान उचलून उलटसुलट पाहिलं. "मिरवेलच आहे. म्हणजे तुमचं खरं होतं." त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. इथे नाकोबानं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

त्यानं उजव्या खिशातला रुमाल काढला. एक पान उचलून त्याची शीर मोडली, मिरवेलीच्या एकाची मोडली, आणि दोन्ही बाईंच्या समोर धरली. "डोळे मिटा. यातलं नागवेलीचं कुठलं?"

बाईंनी वास घेतला. "हे. कळतं की लगेच."

"कशावरून?"

"वासावरून, काका. केवढा दरवळतोय."

"मला येत नाही."

बाईंना आधी समजलं नाही. "म्हणजे?"

"कशाचाच येत नाही. सर्दीपासून. पेंडीच्या पिंपाशेजारी बसलो होतो आज, मला पत्ता नाही. मिरवेल त्यांच्या घरच्या मिरीसाठी आहे. मालात कधीच नव्हती."

बाई हळूच खुर्चीत मागे टेकल्या. "मग तुम्ही परत पाठवलेला माल..."

"चांगला असणार."

"आणि घेतलेला?"

हे नाकोबानं बसमध्ये मनाशी म्हणूनही पाहिलं नव्हतं. "त्याचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "सडकंही घेतलं असेल."

बाई ताडकन उठल्या. "काका, त्या तेलाच्या डब्या भरून बाहेर गेल्यात. लोक लहान मुलांच्या छातीला चोळतात ते."

"सडकं मी काढत होते." भट्टीमागून अक्काचा आवाज आला. ती राखेचं घमेलं घेऊन उभी होती. "भरायच्या आधी करंडी पालथी करून रोज निवडत होते. मागच्या बाजूला खड्डा भरलाय, हवं तर बघून घ्या."

"मग बोलली का नाहीस?" नाकोबा म्हणाला.

"बोलले होते. वास आहे म्हटलं होतं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी करंडी घरी नेते."

नाकोबाला शेंगांची जुडी आठवली आणि त्यानं मान खाली घातली.

बाईंनी आधी खड्डा बघितला. मग शिल्लक मलमाची एकेक डबी उघडून हुंगायला बसल्या, अक्कालाही बसवलं. त्याआधी मेव्हण्याला फोन करून उद्यापासून माल पाठवा म्हणून सांगितलं, आणि माफी मागितली. नाकोबा बाजूला उभा राहून ते ऐकत होता. काय करावं ते न सुचून त्यानं दाराजवळचं स्टूल उचललं आणि आत आणून ठेवलं.

"ते कशाला हलवलंत?" बाई डबीतून मान वर न करता म्हणाल्या.

"अक्काला बसायला. राख काढताना पाठ धरते तिची."

"आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधीकधी येतो परत."

"आणि नाही आला तर?"

बाईंनी झाकण लावलं, दुसरी डबी घेतली. "मला आत्ता नाही सांगता येत, काका. खरंच नाही येत. उद्या या."

तो घरी पोचला तेव्हा खिडक्या लावलेल्या होत्या. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानं काही न बोलता तवा ठेवला, तेलाचा हात फिरवला, रुमालातली उरलेली दोन पानं उलथली. नरम झाल्यावर एक पान उचललं आणि सवयीनं नाकाशी नेलं. मग हात तिथूनच वळवून तिच्यापुढे धरला.

"अगं, हे बघ बरं."

तिनं डोळे न उघडताच वास घेतला. "चांगलं आहे."

नाकोबा तिच्या तोंडाकडे वाकून बघायला लागला. नजर चुकवते का ते बघायचं होतं. पण ठणक्यानं तिचे डोळे घट्ट मिटलेले होते, आणि खोलीत उजेडही नव्हता.

"नक्की?"

"बांधा आता."

त्यानं पान तिच्या कपाळाच्या डाव्या बाजूला ठेवलं आणि पट्टी गुंडाळायला घेतली.

"त्या दिवशीची भाजी आंबली होती?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग वाढलीस कशाला?"

"एकदा वाढली. दुसऱ्यांदा तुम्ही मागितलीत."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

नाकोबानं पट्टीची गाठ मारता मारता विचार केला. "म्हणालो असतो, मुद्दाम आंबवलीस."

ती हसायला लागली, आणि हसताना कळ आली तसा तिनं कपाळावरच्या पानावर हात दाबला.

"हसवू नका हो," ती म्हणाली. "दुखतं."